कोंबड्याच्या कानातलं हाड

सोमवारी सकाळी तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो खरखरतच. कारण शनिवारी दुपारी कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमनला "येते" म्हटलं की त्यानंतर थेट सोमवारी त्याच वॉचमनला "नमस्कार" म्हणेपर्यंत ती कुणाशी काही बोललेलीच नसायची. मधल्या वेळात घसा नुसता पाणी प्यायला. आणि एवढं करून ती नमस्कार म्हणायची तर वॉचमन म्हणायचा, "काय?"

हे "काय?" तिच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. आवाजच असा बारीक की समोरच्यापर्यंत पोचेपोचेपर्यंत विरून जायचा. शाळेत हजेरीला ती अगदी मनापासून "हजर" म्हणायची आणि बाई खुशाल गैरहजर लावायच्या. शेवटी शाळेतून घरी निरोप आला की मुलगी येत नाही. वडील म्हणाले, "रोज डबा घेऊन जातेस कुठे गं मग?" तिने सांगितलं, "शाळेतच." वडील म्हणाले, "काय?"

तर अशा बाईला नोकरी पण अशी मिळाली की जिथे बोलायचं कामच नाही. कॉलेजच्या तळमजल्यावर, रसायनाच्या लॅबच्याही पलीकडे, कॉरिडॉर जिथे संपतो तिथे जीवशास्त्राचं संग्रहालय आहे आणि त्याला चिकटून एक खोली. एक बेसिन, एक गॅसची शेगडी, पत्र्याचे ट्रे, खिडकीला जाळी. मेलेले पक्षी, ससे, वटवाघळं तिथे यायची आणि ती त्यांचे सांगाडे करायची. कोमट पाण्यात दिवसच्या दिवस भिजवायचं, मांस सुटलं की हाडं वेचायची, तेल काढायचं, पांढरी करायची, वाळवायची, आणि मग बारीक तार आणि गोंद घेऊन परत पक्षी उभा करायचा. पोरं तोंडावर ताई म्हणायची, पाठ फिरली की हाडंताई. तिला माहीत होतं. तिला ते आवडायचं पण, निदान काहीतरी म्हणतायत ना.

घरी आई होती तोवर बरं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, चिडकी, सतत काहीतरी मागणारी, पण होती. आई गेली आणि घर एकदम एवढं मोठं झालं, आहे एकच खोली तरी. भाऊ लांबच्या देशात. फोटो पाठवायचा, मुलांचे, गाडीचे, बर्फाचे. ती अंगठा पाठवायची. झालं, संपलं बोलणं.

आणि मग एका रणरणत्या दुपारी कॉरिडॉरमधून आवाज आला, "इथे हाडं करून मिळतात का?"

आवाज म्हणजे असा की रसायनाच्या लॅबमध्ये कुणाच्या तरी हातातून परीक्षानळी पडली. दारात एक म्हातारा उभा. उंच, खांदे वाकलेले, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून पाणी टपटपतंय.

ती म्हणाली, "कुणाची हाडं?"

"काय?"

"कुणाची हाडं, काका?"

"मोठ्यानं बोला बाई! मी बस चालवायचो. इंजिनाशेजारी बसून जन्म काढला. डावा कान गेलाय आणि उजवा जायच्या बेतात आहे."

तिने आयुष्यात पहिल्यांदा पोटातून श्वास घेतला आणि ओरडली, "कुणाची हाडं?"

ओरडली आणि स्वतःच दचकली. हा आवाज आपलाच? एवढा होता कुठे इतकी वर्षं?

म्हाताऱ्याने पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून बर्फ, आणि बर्फातून एक कोंबडा. चांगला मोठा, तांबूस, तुरा एका बाजूला पडलेला. "हा हॉर्न," तो म्हणाला. ड्रायव्हरच तो, दुसरं काय नाव ठेवणार. "काल सकाळी ओरडला नाही. तेव्हाच समजलो."

गोष्ट अशी होती की बायको गेल्यापासून ड्रायव्हरकाका एकटे राहायचे, चाळीसारख्या एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. घड्याळाचा गजर ऐकू यायचा नाही, बेल ऐकू यायची नाही, शेजारी काय बोलतात ते ऐकू यायचं नाही. कानाचं यंत्र होतं, पण ते म्हणे शिट्टी मारायचं, म्हणून डब्यात. ऐकू यायचा तो फक्त हॉर्न. पहाटे तो बाल्कनीत मान ताणून ओरडला की काकांना कळायचं, चला, दिवस सुरू. इमारतीतल्या लोकांनी त्या कोंबड्यावरून काय भांडणं केली! एकाने तर जिन्यात फळ्यावर लिहून ठेवलं होतं, कोंबडा हवा की शेजारी, ठरवा. काकांनी खाली लिहिलं, कोंबडा.

"लोक कोंबडा खातात आणि तुम्ही सांगाडा करताय," रसायनाचा शिपाई दारातून डोकावून म्हणाला. काकांना ते ऐकूच गेलं नाही. ते तिच्याकडेच बघत होते. "होईल का बाई? अख्खा पाहिजे. एक हाड कमी नको."

हेडमॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, तुझं काम सांभाळून कर, माझी ना नाही. झालं.

काका रोज यायला लागले. म्हणजे खरंतर यायची काहीच गरज नव्हती, हाडं भिजत पडतात तेव्हा बघण्यासारखं काही नसतं, वास मात्र येतो. पण काका यायचे. दारातून ओरडायचे, "किती झालं?" मग स्टूल ओढून बसायचे, खिशातून बिस्किटं काढायचे, अर्धी तिला. आणि बोलायचे. घाटातल्या वळणांबद्दल, ब्रेक निकामी झाला तेव्हा बस कशी चढावर घालून थांबवली त्याबद्दल, बायको पुढच्या सीटवर बसून वेग कमी करा म्हणून कशी कुरकुरायची त्याबद्दल. आणि मग विचारायचे आणि तिला उत्तर द्यायला लागायचं. ओरडून. अख्ख्या कॉरिडॉरला कळायला लागलं की हाडंताईला कारलं आवडत नाही, हाडंताई लहानपणी विहिरीत पडली होती, हाडंताईला गाडी लागते. रसायनाचा शिपाई म्हणायचा, "ताई, आज कुठपर्यंत आली तुमची गोष्ट? काल तुम्ही सातवीत होतात."

आता हाडाचं सांगायला हवं. आपल्या कानात तीन बारीक हाडं असतात, एकमेकांत अडकलेली. पक्ष्याच्या कानात एकच. एका बाजूला एक, बस. बारीकसा खांब असतो तो, टाचणीएवढा पण नाही, आणि एका टोकाला चपटी टिकली. पडद्यावर आवाज आपटला की तो खांब हलतो, टिकली आतल्या खिडकीवर दाबली जाते आणि पक्ष्याला ऐकू येतं. एवढ्याशा खांबावर सगळं. संग्रहालयात सगळे त्याला खांबच म्हणायचे. मांस सुटलं की हा खांब डोक्यातून गळून पाण्यात पडतो, म्हणून ते पाणी कधी नुसतं ओतायचं नसतं. आधी बेसिनवर मलमलचं फडकं बांधायचं, मग त्यातून हळूहळू गाळायचं. हा त्या खोलीचा पहिला नियम. तिच्या हातून तो कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी काकांनी विचारलं, "घरी कोण कोण तुमच्या?"

तिच्या हातात हॉर्नच्या डोक्याचं पातेलं होतं. ती म्हणाली, "कोणी नाही."

"काय?"

"कोणी नाही! आई होती! गेली!"

हे वाक्य ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. आणि आता ते ओरडून म्हणायला लागलं, आणि भिंतींवर आपटून परत आलं, गेली, गेली, आणि ती तशीच ओतत राहिली, आणि फडक्याचं एक टोक निसटून आत पडलं होतं ते तिला दिसलंच नाही. पाणी गेलं घळघळ.

फडक्यात एक खांब मिळाला. उजव्या कानाचा. डावा नाही.

तिचा चेहरा पांढराफटक. काका उठून उभे राहिले. "काय झालं? अहो बोला की!"

"कानातलं हाड! एक गेलं! माझ्या चुकीने!"

काका बेसिनपाशी आले. मग बाह्या वर सरकवल्या. "पाना आहे का? बेसिनखालचा पाइप खोला. अहो, रडताय काय! भर पावसात रस्त्यावर पडलेला नट बॅटरीशिवाय शोधलाय मी."

पाइप खोलला, त्याच्या खालच्या वाकात साचलेला सगळा काळा चिखल ट्रेमध्ये घेतला, पाणी घालून घालून चिवडला. हाडाचे कण निघाले, खडे निघाले, कधीकाळची एक कानातली फिरकी निघाली. खांब नाही. काका म्हणाले, "उद्या येतो. उद्या बघू." आणि दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. बाहेरच्या नालीपर्यंत पोचले. रोज दारातून एकच आरोळी, "सापडलं?"

आणि ते सापडलं. काका गेल्यावर एका संध्याकाळी ती फडकं धूत होती आणि शिवणीच्या दुमडीत बोटाला काहीतरी टोचलं. नखाने उचकटलं तर आत खांब. अख्खा, टिकलीसकट, जराही न मोडलेला. नालीत गेलाच नव्हता. ती एवढी खूश झाली की एकटीच मोठ्याने हसली. कापसात गुंडाळून इवल्याशा बाटलीत ठेवला, बाटली ॲप्रनच्या खिशात. उद्या काकांनी "सापडलं?" म्हटलं की नुसती बाटली पुढे करायची. काय तोंड होईल त्यांचं!

दुसऱ्या दिवशी काका आले ते नवीन भिंग घेऊन. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं, लाल दांड्याचं. "आता सुटत नाही बघा! सापडलं?"

ती खिशात हात घालणार होती. खरंच घालणार होती. पण काकांनी भिंग डोळ्याला लावून तिच्याकडे बघितलं, भिंगातून त्यांचा डोळा हा एवढा मोठा दिसला, आणि तिला एकदम कळलं की बाटली बाहेर काढली की हे सगळं संपणार. बाकीचा हॉर्न तर तारेवर उभा होत आलेलाच, हे एवढं हाड बसवायला किती वेळ लागतो? गोंदाचा एक ठिपका. मग हॉर्न खोक्यात, खोकं काकांच्या काखेत, आणि काका घरी. मग सोमवार ते शनिवार ती आणि खिडकीची जाळी.

तिने मान हलवली. नाही.

खोटं बोलायला ओरडावं लागलं असतं तर कदाचित जमलं नसतं. पण मान हलवायला आवाज लागत नाही.

मग ते दिवस फार बरे गेले. हेच तर वाईट. शोधून शोधून कंटाळा आला की ती काकांना संग्रहालयात न्यायची. तिथे एका जुन्या सरांनी मांडून ठेवलेलं एक कपाट होतं, नुसत्या असल्या इवल्या खांबांचं. मधोमध कापलेला शंख, आत पिळदार खांब आणि त्याच्याभोवती जिन्यासारखे चढत गेलेले कप्पे. शेवाळाच्या बोंडाचं मेणाचं मॉडेल, आत एक खांब आणि भोवती बीजाणूंची पूड. पावावरच्या बुरशीचं मॉडेल, काडीवर गोल डोकं आणि डोक्याच्या आत घुमटासारखा खांब.

"ही बुरशी?" काका म्हणाले.

"हो! पावावरची!"

"मग यात काचेत काय ठेवायचं? माझ्या स्वयंपाकघरात फुकट आहे!" आणि मग शंखापाशी बराच वेळ उभे राहिले. "बाहेरून बघितलं तर वाटणार नाही ना, आत कशानं धरून ठेवलंय सगळं."

परत खोलीत आल्यावर ते बिस्कीट मोडत म्हणाले, "मुलीने खोली तयार केलीय. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून रोज लिहून पाठवते. कधी येताय, कधी येताय. मी सांगितलं, हॉर्नला घेऊनच येतो. हाड सापडलं की निघालोच."

तिने हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. तिला हे माहीतच नव्हतं. तिला वाटलं होतं काका इथले, इथेच राहणार, फार तर यायचे बंद होतील. "मुलगी कुठे असते?" तिने विचारलं. काकांनी गावाचं नाव सांगितलं. लांब. बसने अख्खा दिवस.

आता तर बाटली बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. ती घरी जाऊन ॲप्रन खुंटीला टांगायची आणि ॲप्रनकडे पाठ करून जेवायची. एवढंसं हाड, पण खोलीत कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी काका आले ते शर्टाची कॉलर फाटलेली, कोपर खरचटलेलं. स्वारी मात्र खुशीत. "अहो, गंमत! तुमच्या गेटसमोर टँकर रिव्हर्स घेत होता. मी आपला चाललोय. कुणीतरी मागून कॉलर धरून ओढलं, म्हणून तुमच्यासमोर आहे. मी त्या टँकरवाल्यालाच झापलं! रिव्हर्स घेताना मागे क्लीनर उभा करायचा असतो, शिकवलं नाही का कुणी?"

टँकरवाला हॉर्न वाजवत होता, ओरडत होता, सगळा रस्ता ओरडत होता. काकांनाच ऐकू आलं नाही. ती त्यांच्या कोपराला औषध लावत होती, लावून झालं तरी परत परत लावतच होती. काका म्हणाले, "अहो, एवढंसं खरचटलंय, अख्खं औषध संपवताय काय!"

दोन दिवसांनी मुलगीच आली. दारात उभी राहिली, हातात प्रवासाची बॅग, डोळे झोप न झालेले. बापासारखीच उंच. आवाज मात्र हळू, इतका हळू की पहिल्यांदाच स्वतः हाडंताईला "काय?" म्हणावं लागलं.

"ताई, तुम्हीच ना? बाबा तुमच्याबद्दलच बोलत असतात फोनवर. मी काही बोलले तर ऐकू येत नाही, आपलंच सांगत बसतात." मग ती स्टुलावर बसली. काकांच्या स्टुलावर. "टँकरचं शेजाऱ्यांनी कळवलं मला. त्याआधी एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, तसाच चालू. ताई, मी हात जोडते. ते हाड नसलं तर नाही का चालणार? दुसऱ्या कोंबड्याचं घाला. त्यांना कळणार नाही. पण ते सापडल्याशिवाय हलणार नाहीत म्हणतात."

हाडंताई म्हणाली, "उद्या न्या त्यांना."

"सापडलं?"

तिने मान हलवली. हो.

मुलगी गेल्यावर तिने दार लावलं, बाटली काढली, सुईच्या टोकावर गोंद घेतला आणि डावा खांब हॉर्नच्या कानात बसवला. टिकली आतल्या खिडकीला बरोबर टेकली. भिंगाशिवाय दिसणार पण नाही कुणाला. मग मान ताणलेला, एक पाय पुढे टाकलेला तो कोंबडा टेबलावर उभा राहिला, नुसता पांढरा, आता ओरडेल असा.

दुसऱ्या दिवशी काका आले. "सापडलं?"

"सापडलं!"

काकांनी टाळीच वाजवली. लाल दांड्याचं भिंग काढून हॉर्नच्या कानापाशी नेलं, वाकून वाकून बघितलं. "वा! आहे की! कुठे होतं?"

"फडक्यात! शिवणीत अडकलेलं!" इथे थांबली असती तर सगळं गोड झालं असतं. पण तिच्याच्याने थांबवेना. "पण आज नाही सापडलं! कधीच सापडलंय! मी सांगितलं नाही!"

रसायनाचा शिपाई दारापर्यंत आला आणि तसाच मागे सरकला.

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "कालपर्यंत मी त्या नालीत हात घालत होतो बाई! गुडघे धरलेत माझे! लेक तिकडे जिवाला घोर लावून बसलेली! का? का नाही सांगितलंत?"

तिने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. पण तसलं उत्तर ओरडून सांगता येत नाही. कारलं आवडत नाही हे ओरडता येतं, आई गेली हेही ओरडता येतं. हे नाही. ती तिच्या मूळच्या आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि तेही ऐकू गेलं नाही.

काकांनी हॉर्नला खोक्यात ठेवलं, भोवती कागद कोंबले, स्वतःच, तिला हात लावू दिला नाही. दारापर्यंत गेले, न वळता "येतो" म्हणाले आणि गेले. खिडकीच्या जाळीतून तिला गेटपाशी गाडी दिसली. काका पुढे बसले, खोकं मांडीवर. वळून बघितलं नाही.

मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं. एक घुबड आलं, एक बगळा आला. पोरं आली, वास येतो म्हणून गेली. शिपाई एकदोनदा चहा घेऊन आला, म्हणाला, "ताई, गोष्ट बंद पडली का हो?" ती हसली. घरी ॲप्रनचा खिसा रिकामा होता तरी ती पाठ करूनच जेवायची, सवय.

बऱ्याच दिवसांनी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला, तिच्यासाठी. तिला वाटलं भाऊ.

"ताई, मी बोलतेय. मुलगी, ड्रायव्हरकाकांची. बाबा कधीपासून मागे लागलेत, त्या बाईंना फोन लाव म्हणून. फोनवर त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही हं, पण बोला तुम्ही. देते."

आणि मग तो आवाज. तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला. "बाई! हॉर्न कपाटावर आहे! नातू रोज बघतो! मी त्याला सांगितलं, ह्याच्या कानात खांब आहे, त्याला खोटंच वाटतं! भिंगाने दाखवला! कशा आहात?"

"बरी आहे! तुम्ही कसे आहात?" ती ओरडली. ऑफिसातल्या सगळ्या माना वर झाल्या.

"हो हो! जेवलो!"

"गुडघे कसे आहेत?"

"नातू? दुसरीत आहे!"

तिला हसू आलं आणि मग कळलं, खरंच काही पोचत नाहीये. ओरडा नाहीतर कुजबुजा, सारखंच. मग तिने पाठ भिंतीला टेकली, रिसीव्हर दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि एकदम हळू, तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही रोज यायचात ना, ते मला फार बरं वाटायचं. हाड दिल्यावर तुम्ही परत याल असं वाटेना. म्हणून नाही सांगितलं. दुसरं काही नाही, काका."

मग काका म्हणाले, "हो, हो! इकडेही फार उकडतंय!"

"हो ना," ती म्हणाली.

"काय?"